पांढरी पूड

भट्टीजवळच्या फळीवर चार मुशी होत्या. काल संध्याकाळी त्यांत करडी पूड होती. आज चारही मुशींत पांढरी. प्रत्येकीला हळदकुंकवाचं बोट आणि वर झेंडूचं एकेक फूल.

"नत्थुजी, पूड अशी कशी झाली?" कमलाकांतने विचारलं.

"खंडेनवमी हाय ना सर. सारे अवजारं घासूनपुसून पुजले. पूड लयच कळकट दिसून राहिली होती. उघड्या भट्टीत लाल होईस्तोवर तापवली. पाहा, दुधावानी झाली."

अमरावतीच्या त्या कॉलेजात नत्थुजी बरीच वर्षं प्रयोगशाळा सांभाळत होते. 'पांढरं होईपर्यंत तापवा' हे त्यांनी दर वर्षी, दर वर्गात ऐकलं होतं.

कमलाकांत स्टुलावर बसला. टायटॅनियम ऑक्साइडची ही पूड त्याने हायड्रोजनमध्ये तापवून करडी केली होती. हायड्रोजन तिच्यातला थोडा ऑक्सिजन काढून नेतो, तिथे रिकाम्या जागा पडतात. त्या जागी कार्बन डायऑक्साइडचा रेणू अडकतो, आपला एक ऑक्सिजन ठेवतो आणि कार्बन मोनॉक्साइड होऊन सुटतो. मोनॉक्साइडपासून पुढे इंधन करता येतं. उघड्या भट्टीतल्या हवेने त्या साऱ्या जागा भरून टाकल्या होत्या.

मागच्या महिन्यात एकदाच चार घनसेंटिमीटर मोनॉक्साइड मिळाला होता. विभागप्रमुख वामनराव म्हणाले होते, "एकदा तर चुकूनही येतं. दसऱ्याच्या आत पुन्हा दाखवा, नाहीतर ही खोली वनस्पतिशास्त्राला जाईल." हायड्रोजनचा सिलिंडर काल संपला होता. दुसरा मंजूर होणार नव्हता.

"काही चुकलं काय सर?"

"नाही. नारळ फोडला?"

"तुमचीच वाट पाहून राहिलो. मशीन तुमचं, नारळ मी कावून फोडू?"

कमलाकांतने नारळ फोडला. नत्थुजींनी खोबऱ्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला. "आता निघते पाहा तुमचा ग्यास. देवाले सांगून ठेवलं मी."

दुपारी त्याने पूड नळीत भरली, भट्टी पेटवली आणि कार्बन डायऑक्साइड सोडला, तसाच हळूहळू, मागच्या वेळेसारखा. बाहेर आलेला वायू कॉस्टिक सोड्यातून नेला. न बदललेला कार्बन डायऑक्साइड सोड्यात शोषला जातो. मोनॉक्साइड असेल तेवढा मोजनळीत उरतो.

नत्थुजी हात पुसत शेजारी येऊन उभे राहिले.

कमलाकांतने डोळा पातळीशी नेला, पुन्हा एकदा नेला, आणि मागच्या महिन्याच्या 'करडी पूड, ४.०' या नोंदीखाली लिहिलं : पांढरी पूड, कार्बन मोनॉक्साइड, ०.० घनसेंटिमीटर.