चपट्यांची जुंपली

भवानी पेठेतल्या शिवशरणप्पांच्या छापखान्यात जोतीराम अक्षरांचे खिळे जुळवायचा, आणि त्याचा हात भलताच चलाख होता. मजकुरावर नजर पडते न पडते तोच बोटं अक्षरं उचलू लागत. काय जुळवलंस, असं विचारलं तर मात्र त्याला सांगता यायचं नाही. त्याचं त्याला काही वाटतही नसे. वाचणं हे वाचणाऱ्याचं काम, असं त्याचं ठाम मत होतं.

सदतीस साली तिकडे चीन आणि जपानची लढाई पेटली. शिवशरणप्पांचं साप्ताहिक दर गुरुवारी निघे. मुंबईचा इंग्रजी पेपर मांडीवर घेऊन ते बातम्या उतरवून काढत आणि त्यातली शेलकी विशेषणंही निगुतीनं मराठीत आणत. अडलं ते मथळ्यापाशी. 'चीन-जपान युद्धाची खबर' ही ओळ मोठ्या खिळ्यांत एका रकान्यात काही केल्या मावेना.

तेव्हा जोतीरामच म्हणाला, "'चपट्यांची जुंपली' करा की. बराबर बसतंय."

शिवशरणप्पा पोट धरून हसले. ओळ रकान्यात बसली आणि गावाच्या तोंडीही बसली. नवी पेठेतले कापडवाले अंक आला की आधी तेच पान उघडत. दर आठवड्याला लागणारच, म्हणून जोतीरामनं छापून झाल्यावर खिळे सुटे करून ती ओळ मोडलीच नाही. भोवती दोरा गुंडाळून फळीवर तशीच उभी ठेवली. चीनची बातमी आली की वर ती ओळ आणि खाली मजकूर. तिकडे बघावंही लागत नसे, हात आपोआप जाई.

आता नवल असं की, त्याच छापखान्याच्या ओट्यावर दोन चिनी भाऊ रोज दुपारी टेकत. पाठीवर रेशमी कापडाचं गाठोडं घेऊन दारोदार फिरायचे. थोरला ल्यू पेइ, धाकटा ल्यू शान. जोतीराम त्यांना माठातलं पाणी देई. त्याच्या बायकोला, वच्छलाला, थोरल्यानं एकदा झंपराचं कापड मापून देताना वर वीतभर सोडलं होतं, आणि ती ते अजून सांगत असे. पण फळीवरची ती ओळ आणि ओट्यावरची ही दोन माणसं यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे जोतीरामच्या डोक्यात कधी शिरलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर ल्यू पेइ धर्मशाळेत तापानं गेला. चार दिवसांनी ल्यू शान एकटाच ओट्यावर आला. त्याचं मागणं एवढंच होतं, की भावाचं नाव पेपरात छापून यावं. गावी म्हातारी आई होती. लढाईच्या धामधुमीत नुसत्या पत्रावर तिचा विश्वास बसायचा नाही. पण ज्या गावात पोरगा गेला त्या गावानं त्याचं नाव छापलं, हे तिला दिसलं म्हणजे तिला खरं वाटेल, आणि तो परक्या मुलखात अगदीच बेवारशी गेला नाही हेही कळेल. छापलेलं मराठी तिला कुठलं कळणार, पण त्यात काय आहे ते तो पत्रात लिहिणारच होता.

शिवशरणप्पांनी चार ओळी लिहून दिल्या. जोतीरामनं त्या जिवापाड जपून जुळवल्या. नाव तीन वेळा विचारून घेतलं. भोवती काळी चौकट बसवली. वेलबुट्टीही लावणार होता, पण शिवशरणप्पा नको म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं जुळवलेला मजकूर दोनदा वाचला.

बुधवारी पानं बांधली, गुरुवारी अंक निघाला. घड्या घालून सगळे अंक बाहेर पडले तेव्हा जोतीरामनं कौतुकानं पान उघडलं. पानं बांधताना चीनचा मजकूर हातात आला, तसा हात सवयीनं फळीकडे गेला होता. काळी चौकट झकास उठली होती, आणि तिच्या डोक्यावर 'चपट्यांची जुंपली'.

तो शिवशरणप्पांकडे गेला. त्यांनी अंक जवळ धरला, लांब धरला. खालचं नाव तर बरोबर आहे ना, मग झालं, त्याला कुठं मराठी वाचता येतंय, असं म्हणून त्यांनी चष्मा काढला. जोतीरामलाही आतून हेच हवं होतं. ते ऐकून त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

शुक्रवारी सकाळी ल्यू शान आला. अंक गुडघ्यावर पसरून म्हणाला, वाचून दाखवा. जोतीरामनं चौकटीवर बोट ठेवलं आणि नाव, गाव, ताप, मागे आई आणि भाऊ, सगळं सावकाश वाचलं. ल्यू शान मान हलवत ऐकत होता. वाचून झाल्यावर त्यानं आपलं बोट वरच्या मोठ्या अक्षरांवर टेकवलं.

"हे राहिलं."

काहीही सांगता आलं असतं. 'दुःखद निधन' हे शब्द जोतीरामच्या जिभेवरच होते. पण हा माणूस ते ऐकून तसंच आईला लिहील, हे त्याच्या ध्यानात आलं. हातानं त्यानं ती ओळ दर आठवड्याला हाताळली होती, या माणसासमोर तोंडानं कधी उच्चारली नव्हती. त्यानं ती उच्चारली.

ल्यू शानचा चेहरा होता तसाच राहिला. "मला माहीत," तो म्हणाला. "भाऊ तापात. मी औषध आणायला गेलो. बाजारात मला बघून लोक हेच बोलले."

मग त्यानं कात्री मागितली. जोतीरामनं आतून आणून दिली. ल्यू शाननं मथळा वरच्या वर, चौकटीला धक्का न लावता कापला. मग चौकट कापून घेतली, दुमडली आणि आईला लिहायला घेतलेल्या पत्रात ठेवली. मथळ्याची चिंचोळी पट्टी त्याच्या हातात उरली. ती टाकायला त्यानं इकडंतिकडं पाहिलं, आणि मग जोतीरामपुढे धरली.

"हे तुमचं."

ओळ कुणाची होती, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. पेपर तुमचा, म्हणून तुकडा तुमचा, एवढंच त्याचं म्हणणं. जोतीरामनं हात पुढे करून पट्टी घेतली.