कसा माणूस होता?

कालिबेक गेल्याची बातमी बायकोने, कुमुशने, आणली तेव्हा मुकाश आगाय चहात दूध ओतत होते. बातमी ऐकूनही ते ओततच राहिले. वाटी भरली, चहा मेजावरच्या कापडावर पसरला आणि कुमुशने कपाळावर हात मारून घेतला.

"अहो म्हातारबुवा, तो मेलाय. तुम्ही चहा कशाला वाहवताय?"

"कधी गेला?"

"पहाटे, झोपेतच. सुटला बिचारा."

"बिचारा," आगाय म्हणाले. या घरात कालिबेकच्या नावापुढे हा शब्द पहिल्यांदाच लागला होता. पूर्वी तिथे जे शब्द लागत ते मयताच्या दिवशी लिहू नयेत.

आख्खं आक-केचू गाव मुकाश यांना तोंडावर आगाय म्हणतं, म्हणजे गुरुजी. माघारी 'काफीर आगाय' म्हणतं, आणि तेही प्रेमानेच. जुन्या कम्युनिस्ट सरकारच्या काळात ते जिल्ह्याच्या कॉलेजात देव नसल्याचं शिकवत. पुढे सरकारच उरलं नाही. ज्या प्राचार्यांनी तो विषय त्यांच्या गळ्यात मारला होता, तेच डोक्याला टोपी चढवून नव्या मशिदीची फीत कापायला उभे राहिले आणि आगायांना म्हणाले, आता दुसरं काही शिकवा. रातोरात पालटलेली अशी माणसं आम्ही पोत्याने पाहिली. आगाय पालटले नाहीत. "मी पगारापुरता नास्तिक नव्हतो," म्हणाले. त्यांनी नवा विषय काढला: बघणारं कुणी नसताना माणूस नीट का वागतो? तान्ह्या पोरांवरचे प्रयोग, माकडांच्या टोळ्या, जुने ग्रीक, नवे जर्मन, सगळं त्यात यायचं. उन्हाळ्यात वरच्या कुरणात दुर्बीण घेऊन ते मार्मोटांच्या, म्हणजे डोंगरातल्या जाड्या खारींच्या, बिळांसमोर पालथे पडून राहत. गरुड दिसला की एखादा मार्मोट स्वतः लपायच्या आधी शीळ घालतो आणि बाकीचे वाचतात. तो तसं का करतो, यावर आगाय जेवणाच्या ताटावरही तासभर बोलत. कुमुश म्हणायची, "त्या मार्मोटाशीच लग्न करायचं होतंत."

पण हा प्रश्न त्यांना पुस्तकांनी दिला नव्हता. तो त्यांच्या धाकट्या भावामुळे आला होता.

जिपार हसरा पोरगा होता, कालिबेकच्या ट्रकवर मदतनीस. एका जानेवारीत ट्रक खिंडीत बर्फात रुतला. जिपारचा पाय सुजला होता, त्याला चालवेना. कालिबेक त्याला केबिनमध्ये गुंडाळून मदत आणायला एकटाच खाली निघाला. वाटेत धनगरांची हिवाळी झोपडी होती, रिकामी. पण शेगडी होती, सरपण होतं. हातपाय शेकून पुढे जाऊ म्हणून तो टेकला आणि त्याला झोप लागली. गावात पोचला तो सकाळी. लोक वर गेले तेव्हा जिपार केबिनमध्ये बसलेलाच होता.

थंडीत माणसाचं डोकं चालेनासं होतं, ऊब मिळताच शरीर गळतं, हे आगाय विद्यार्थ्यांना शिकवत. अशा माणसाला दोष किती द्यायचा, यावरही वर्गात वाद घालत. घरी मात्र हे शास्त्र उंबऱ्याबाहेर राही. कालिबेक कधी त्यांच्या दारी आला नाही, चुकलो म्हणाला नाही. चाळीस वर्षं दोघं एकाच गल्लीतून मान वळवून गेले.

आता तो मेला होता आणि परवा त्याचा जनाजा होता.

आमच्याकडे जनाज्याच्या नमाजाआधी मोल्दो, म्हणजे मौलवी, मयतासमोर उभा राहून रांगांना विचारतो, "हा कसा माणूस होता?" रांगा म्हणतात, "चांगला माणूस होता." चोर असो, दारुडा असो, उत्तर ठरलेलं. ही साक्ष वर पोचते म्हणतात.

दुपारी तोक्तोसून मोल्दो आला. तो आणि आगाय लहानपणापासून एका बाकावरचे. रोज संध्याकाळी दोघं कोरगूलचा पट मांडून खडे सरकवत आणि देवावरून भांडत. आज त्याने पटाकडे पाहिलंही नाही.

"मुकाश, येणार ना परवा?"

"का?"

"कालिबेकचा सापार घाबरलाय. त्याला वाटतं, मी प्रश्न विचारला की सगळे तुझ्या तोंडाकडे बघतील. तू नसलास, किंवा गप्प राहिलास, तर बाकीचेही दाढीतल्या दाढीत पुटपुटतील. बापाच्या मयतापुढे पोराला ते ऐकावं लागेल."

"मग मी खोटं बोलू?"

"एक शब्द रे. तुझ्या मते वर ऐकणारं कुणी नाही. मग तुझं काय जातं?"

"वर कुणी नाही म्हणूनच जातं," आगाय म्हणाले. "तुझी साक्ष वर जाते, तिथे कुणीतरी खरं-खोटं निवडून घेईल. माझी इथेच राहते. ऐकणारे हेच सगळे. यांच्याशी खोटं बोलून मी माफी मागायला जाऊ कुणाकडे?"

मोल्दोने टोपी काढून डोकं खाजवलं. "म्हणजे माझ्यापेक्षा तुझाच धर्म कडक निघाला की."

"धर्म म्हणू नकोस."

"बरं, मार्मोट म्हणतो. मार्मोटाला विचार आणि ये."

दुसऱ्या दिवशी सापार स्वतः आला. कालिबेकचा एकुलता एक मुलगा, आता स्वतः दोन पोरांचा बाप. कॉलेजात तो आगायांच्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा आणि कधी प्रश्न विचारायचा नाही. कुमुशने त्याला शेगडीपाशी बसवलं, पुढ्यात चहा, तळलेले बोरसोक आणि लोणी ठेवलं. दोन घोट घेऊन तो उठला आणि दाराजवळ, फटीतून वारा येत होता तिथे जाऊन बसला.

"तिकडे कुठे बसतोस? गारठशील."

"सवय आहे, काकू. आमच्या घरी हिवाळ्यात खिडकी उघडी असायची."

"ते गावाला ठाऊक आहे," कुमुशच्या तोंडून निघून गेलं. "कालिबेक आभाळ तापवतोय, म्हणायचे सगळे." मग तिने जीभ चावली.

सापार हसला नाही. आगायांकडे वळून म्हणाला, "आगाय, खोटं बोला असं सांगायला मी आलो नाही. नाही आलात तरी समजून घेईन. फक्त येऊन गप्प राहू नका."

"तुझा बाप माझ्या भावाबद्दल कधी काही बोलला?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"प्यायल्यावरसुद्धा नाही."

"मग मी काय सांगू लोकांना? तूच सांग."

सापारने दाराच्या फटीवर तळहात धरला. "मला लहानपणी न्यूमोनिया झाला होता. आईने त्या रात्री खिडकी लावून घेतली. बाबा उठून अंगणात जाऊन बसले. सकाळपर्यंत तिथेच. मिशांवर बर्फ. आई ओरडली, वेड लागलंय का तुम्हाला? तर म्हणाले, बंद खोलीत ऊब आली की डोळा लागतो. आणि डोळा लागला की…"

"की काय?"

"पुढे नाही बोलले. त्यानंतर मी पांघरूण वाढवलं, आईने बिछाना स्वयंपाकघरात नेला. खिडकी कुणी लावली नाही."

सापार गेला तरी आगाय त्याच जागी बसून होते. ती खिडकी त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. हिवाळ्यातल्या कितीतरी संध्याकाळी तिच्यावरून जाताना त्यांनी दात खाल्ले होते. माझ्या भावाला थंडीने नेलं, आणि हा छाती काढून दाखवतोय की थंडी याचं काही वाकडं करत नाही! एवढं एकदा ठरवल्यावर त्यांनी पुन्हा त्या खिडकीकडे नीट पाहिलंच नव्हतं. मार्मोटाची शीळ दुसऱ्यांसाठी असते की नाही, हे लिहायला त्यांनी कैक उन्हाळे पालथं पडून काढले होते. कालिबेकला त्यांनी एक हिवाळाही दिला नव्हता. याची त्यांना लाज वाटली; साधी, कान तापवणारी लाज, पकडल्या गेलेल्या पोराला वाटते तशी.

लाजेमागून संताप आला. "गाढव!" ते मोठ्याने म्हणाले. "कुमुश, तो गाढव होता. चार घरं ओलांडून यायचं, दोन शब्द बोलायचे. मी मारलं असतं, शिव्या घातल्या असत्या. मग दोघंही झोपलो असतो."

"तुम्ही तरी कुठे गेलात चार घरं ओलांडून?"

कालिबेक नमाज पढत नव्हता, देवाला भीत नव्हता, आणि त्या खोलीत त्याच्याकडे बघणारंही कुणी नव्हतं. वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलेल्या प्रश्नाचं उत्तर चार घरांपलीकडे कुडकुडत पडलं होतं.

"माफ केलंत का मग?" कुमुशने विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "जिपारच्या वतीने माफ करणारा मी कोण?"

तिसऱ्या दिवशी सकाळी कालिबेकच्या अंगणात उभारलेल्या पांढऱ्या तंबूतून बायकांचा आक्रोश ऐकू येत होता. येणारा प्रत्येक पुरुष फाटकापासूनच "बोरूम!" म्हणून हंबरडा फोडत होता. बोर म्हणजे काळीज, आणि सख्खा भाऊही. तंबूबाहेर कमरेला पट्टा बांधून, काठीवर वाकून सापार रडत होता. आगाय आले ते काठी टेकत, मुकाट्याने. त्यांच्या तोंडून बोरूम निघणं शक्य नव्हतं. तो शब्द खिंडीत राहिला होता. पण ते आले, हे सगळ्यांनी पाहिलं. लोकांनी त्यांना पुढच्या रांगेत वाट करून दिली.

मयत बाहेर आणलं. रांगा लागल्या. तोक्तोसून मोल्दो पुढे झाला, आणि त्याचा आवाज रोजच्यासारखा नव्हता.

"लोकहो, हा कसा माणूस होता?"

कुणीतरी खोकलं. सापारने काठी घट्ट धरली. आगायांना दिसत होतं की सगळ्यांच्या नजरा जमिनीकडे आहेत आणि कान त्यांच्याकडे. 'चांगला' हा शब्द त्यांच्या जिभेवर आला नाही, आणि त्यांनी तो ओढूनही आणला नाही.

"माणूस होता," ते म्हणाले.

आवाज फार मोठा नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. मोल्दो थांबला. त्याने आगायांकडे पाहिलं. उनाड पोराला आम्ही रागावतो ते "माणूस हो" म्हणूनच, आणि पोर सुधारलं की शाबासकीही त्याच शब्दात देतो. शेवटी मोल्दोने मान हलवली आणि स्वतःच म्हणाला, "माणूस होता." मग एकेक रांग म्हणत गेली, माणूस होता, माणूस होता. मागे शहरातून आलेला एक पुतण्या कुजबुजला, "चांगला राहिलं की!" शेजारच्या म्हाताऱ्याने त्याला कोपर मारलं.

सापार खांदे हलवत रडत होता. आता त्याने काठी सोडून दिली होती.

दफन करून लोक परतले, हात धुऊन जेवायला बसले. आगाय निघायच्या बेतात होते, तेवढ्यात कालिबेकची बायको बातमा स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आली. दोघांचं बोलणं चाळीस वर्षांत झालं नव्हतं.

"आगाय, जरा आत या."

खोली लहान होती. लोखंडी पलंग, त्यावर मेंढीचं कातडं, आणि खिडकी सताड उघडी. आतल्या कठड्यावर भुरभुर बर्फ साचला होता.

"पाहुणे खूप आलेत. नातवंडांना आज इथेच झोपवायचंय," बातमा म्हणाली. "खिडकी लावायला हवी. सापारला म्हटलं, तो नाही म्हणतो. आणि माझा हात होत नाही."

आगाय खिडकीपाशी गेले. बिजागऱ्या बर्फाने धरल्या होत्या, लाकूड फुगलं होतं. खिसेचाकू काढून त्यांनी कडेचा बर्फ खरवडला, मग गोठलेल्या कडीवर तळहात दाबून उभे राहिले. बराच वेळ राहिले. बातमाने त्यांच्याकडे पाहिलं नाही, डोक्यावरच्या रुमालाने डोळे टिपून ती पलंगावरचं कातडं झटकत होती.

कडी सैल झाली. आगायांनी खांद्याने झडप रेटली आणि खिडकी लावली.

"झोपू द्या पोरांना," ते म्हणाले.