बिराप्पाचा गुडघा

बिराप्पा जत तालुक्यातला मेंढपाळ. दिवाळी सरली की बायको बयाबाई, धाकटा भाऊ ज्ञानू आणि मेंढरं घेऊन तो दरवर्षी पलूसकडे यायचा. तिथले बागाईतदार खतासाठी मेंढरं रानात बसवून घेत. पाऊस लागायच्या सुमारास ही माणसं परत आपल्या माळाला जात. बहात्तरच्या दुष्काळात त्यांचा निम्मा कळप मेला होता. उरलेल्या मेंढरांवर पुन्हा जम बसवायचा, एवढंच आता नवरा-बायकोच्या मनात होतं.

पुढच्या वर्षी भाऊसो नावाच्या बागाईतदाराच्या रानात उतरले असताना बिराप्पा पाला पाडायला बाभळीवर चढला आणि फांदी मोडली. तो पडला तो विहिरीच्या दगडी काठावर, उजव्या गुडघ्यावर. भाऊसो लष्करातून पेन्शनीत आलेले. त्यांनी पायाला फळी बांधली आणि ट्रॉलीत घालून त्याला सांगलीच्या दवाखान्यात नेलं.

गुडघ्याच्या वाटीचा चुरा झाला होता. ऑपरेशन करून डॉक्टरांनी तुकडे काढले आणि अख्खा पाय प्लॅस्टरमध्ये घातला. ज्ञानू मेंढरं घेऊन पुढच्या गावाला गेला. नवरा-बायकोला भाऊसोंनी मळ्यातली खोली दिली.

प्लॅस्टर कापल्यावर आतून निघालेला पाय बिराप्पाला आपला वाटेना. मांडी वाळून गेलेली, कातडी पांढरी पडलेली, आणि गुडघा ताठ. दवाखान्यात व्यायाम घेणाऱ्या बाईंनी बयाबाईला पाय कसा धरायचा, कसा दाबायचा ते दाखवलं.

"रोज वाकवायचा. ते ओरडतील, तरी सोडायचं नाही," त्या म्हणाल्या. "आत्ता वाकला नाही तर पुढं कधीच वाकणार नाही."

बयाबाईनं मान हलवली.

तो बाजेच्या काठावर बसायचा. ती खाली बसून घोटा धरायची आणि पाय मागं रेटायची. सुरुवातीला तो पटक्याचा शेव दातांत धरून गप राहायचा. मग एका सकाळी त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दुष्काळात मेंढरं पुरतानाही हा माणूस रडला नव्हता. तिनं रेटणं थांबवलं.

"बया, आज ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

"बाई वराडतील."

"त्यास्नी काय कळतंय. उद्या दोन बारी करू."

तिनं पाय सोडला आणि तेल चोळून दिलं. त्याला झोप लागली. इतक्या दिवसांत तो असा शांत झोपलेला तिनं पाहिला नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशीही तिनं थोडंच रेटलं. पुढं पुढं तर तेलच तेवढं चोळणं चालू राहिलं. दवाखान्यात बाईंनी विचारलं, तेव्हा "रोज करतोय की" असं दोघंही म्हणाली.

बाईंनी गुडघ्याला हात लावला आणि त्या डॉक्टरांना बोलवायला गेल्या.

डॉक्टरांनी भूल देऊन गुडघा वाकवला. बयाबाई दाराबाहेर उभी होती. आतून काहीतरी फाटल्यासारखा आवाज आला. बिराप्पा शुद्धीवर आला तेव्हा गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला होता.

"आता तरी ढिलाई करू नका," डॉक्टर म्हणाले. "परत परत हे करता येत नाही."

या वेळी बयाबाईनं मन घट्ट केलं. मळ्यात परतल्यावर त्यानं हातापाया पडून पाहिलं, तरी तिनं घोटा सोडला नाही. तेव्हा त्यानं चांगल्या पायानं तिच्या छातीत लाथ घातली. ती मागं पडली, डोकं भिंतीवर आपटलं. बिराप्पा आपल्या पायाकडे बघत राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यानं तिच्यावर कधी हात उचलला नव्हता.

ती उठली, पदर सावरला आणि परत त्याच्या पायाशी येऊन बसली.

"आणा पाय हिकडं."

"न्हाई."

"आवं, मला काय बी झालं न्हाई. आणा."

"मला हात लावू नगंस, बया. माझ्यात दम न्हाई ऱ्हायला," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

ती रोज विचारत राहिली. तो रोज तसाच पडून राहिला. भाऊसो येऊन समजावून गेले, मग रागावूनही गेले. एके दिवशी तिनं विचारणंही सोडलं.

वळीव पडायला लागला तसा ज्ञानू कळप घेऊन परत आला. बिराप्पा काठी टेकत बांधापर्यंत गेला. पाय कुऱ्हाडीच्या दांड्यासारखा ताठ, प्रत्येक पावलाला बाहेरून फिरवून टाकावा लागत होता.

"आण्णा, तुमी एस्टीनं या," ज्ञानू म्हणाला. "मी नेतो मेंढरं."

"चालतो की मी."

तो चालला. रस्त्याच्या पहिल्या वळणापर्यंत कळप त्याला सोडून पुढं गेला होता. दमला तरी त्याला खाली बसता येईना, म्हणून तो एका झाडाला पाठ लावून उभा राहिला. बयाबाई मागून आली. दोघं एस्टीची वाट बघत थांबली. गाडीत दोन बाकांमध्ये पाय मावला नाही. जतपर्यंत तो दांडी धरून उभाच होता.

गावात त्याच्याजोगं काम उरलं नाही. मेंढरं कातरायला खाली बसावं लागतं, धार काढायलाही बसावं लागतं. पंगतीला बोलावणं आलं की तो जेवलोय म्हणायचा. सकाळी परसाकडेला जायचं म्हटलं तरी बयाबाईनं बरोबर जाऊन आधार द्यावा लागे. ती लाज त्याला गुडघ्यापेक्षा जास्त दुखायची.

दिवाळी झाली. गेल्या खेपेला ज्ञानूनं एकट्यानं कसंबसं निभावलं होतं, पण पुन्हा एकट्या त्याच्यानं कळप निघणार नव्हता. कुणीतरी बरोबर जाणं भाग होतं. बयाबाईनं शेजारच्या राहीबाईला त्याच्या भाकरीचं आणि तिच्या नवऱ्याला सकाळच्या आधाराचं सांगितलं. घोडीवर बिऱ्हाड लादलं आणि ती त्याच्यापुढं येऊन उभी राहिली.

"मी तवा हात सोडाया नको व्हता," ती म्हणाली.

"मीच सोड म्हणालो."

"तुमी म्हणणारच. दुखत व्हतं तुमास्नी."

तो काहीतरी बोलेल म्हणून ती थांबली. ज्ञानूनं हाळी दिली तशी ती वळली. उन्हाळा सरेपर्यंत आता ती येणार नव्हती.

दुपारी राहीबाई ताट घेऊन आली. "बाजंवर तरी टेका की," ती म्हणाली. बिराप्पानं ताट खिडकीच्या फळीवर ठेवायला सांगितलं. त्याच्यासमोर रिकामा माळ होता. तो उभ्यानंच जेवला.