ठिपके नसलेली ओळ

चिमीचं काम ऐकायला सोपं होतं. पडद्यावर एखादा फोटो यायचा, दुकानाची पाटी, औषधाचं खोकं, रस्त्यावरची सूचना, सगळं अरबीत. यंत्राने तो फोटो वाचून काय उत्तर दिलं ते पाहायचं आणि गुण द्यायचे. यंत्राची खोड तिला पक्की ठाऊक झाली होती. वाचता आलं नाही की ते गप्प बसत नसे. मनानेच छानसं वाक्य जुळवून मोकळं होई. अशा उत्तराला ती बिनदिक्कत शून्य देई.

अरबी तिला बाबांनी शिकवली होती. त्यांची सगळी नोकरी अरबी कागदपत्रांचे अनुवाद करण्यात गेली. मग अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. बरेच दिवस नुसते बसून असायचे. एकदा डाव्या हातात पेन धरून त्यांनी लिहायला घेतलं, तेही अरबीत. आईला त्यातलं ओ की ठो कळेना. चिमीला वळणं ओळखू येत, पण बाबांकडून ठिपके राहून जात होते, आणि ठिपक्यांवाचून शब्दातले ब, त, न सगळे सारखेच दिसतात. एखादा शब्द लागलासा वाटे, पण पुढच्याशी त्याचा मेळ बसत नसे.

एका संध्याकाळी ती घरी आली तर आईचा चेहरा उजळलेला. दादाने फोनवर काहीतरी घालून दिलं होतं; कागदाचा फोटो काढला की अर्थ सांगायचं. चिमी ज्याला गुण देई तेच हे यंत्र. आईने कौतुकाने वाचून दाखवलं, "मी बरा आहे. तू माझं फार केलंस. आता काळजी करू नकोस."

चिमीने कागद पाहिला. ओळीत जेमतेम तीन शब्द होते. खुर्चीतले बाबा जोरजोरात नकारार्थी मान हलवत होते. सकाळपासून असंच चाललंय, लाजतात, असं आई म्हणाली.

"आई, हे बाबांनी लिहिलेलं नाही. यंत्राने पदरचं घातलंय."

आईने कागद तिच्या हातात दिला. "मग काय लिहिलंय ते तू सांग."

चिमीला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी, हाताने लिहिलेलं समोर आलं की यंत्र मनचंच सांगतं, हे तिने ऑफिसातल्या साहेबांच्या कानावर घातलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. या फेरीत हस्ताक्षर नाही, फक्त छापील मजकूर आहे, आणि त्यात यंत्राला चांगले गुण पडलेत, असं म्हणाले. खोटं नव्हतं ते. गुण तिनेच दिले होते.

घरी तिने निरनिराळे ठिपके देऊन शब्द लिहिले आणि एकेक करून बाबांपुढे धरले. त्यांनी आधी नीट पाहिलं, मग तोंड फिरवलं. तीच ओळ ते पुन्हा पुन्हा लिहीत राहिले. आई फोटो काढत राहिली आणि फोन दर वेळी नवा अर्थ सांगत राहिला. हळूहळू बाबांनी पेन हातात घेणंच सोडलं.

"सांगायचं सांगून झालं असेल," आई म्हणते. दुपारी बाबांजवळ बसून ती फोनमधली वाक्यं त्यांना वाचून दाखवते. बाबा आता मान हलवत नाहीत. चिमी घरी असली तर आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेते. तरी ऐकू येतंच.