प्रोफेसर तुम्पालेंचा सर्व्हर

मी एक जुना सर्व्हर आहे. माझ्यात दोन डिस्क, चार पंखे आणि अकरा स्क्रू आहेत. बाराव्याच्या जागी तांब्याची तार पिळलेली आहे. पंख्यांपैकी एकच फिरतो. झोम्बा गावात, प्रोफेसरांच्या घरामागच्या खोलीत, मक्याच्या पिठाच्या पोत्याशेजारी मी पडून असतो.

मित्रांनो, मी कारखान्यात जन्मलो, पण मला कामाला लावले प्रोफेसर तुम्पाले म्तांबो यांनी. प्रोफेसरबाई विद्यापीठात संगणकशास्त्र शिकवत. त्यांची मायबोली लांब्या, उत्तरेच्या डोंगरातल्या थोड्या माणसांची. तिकडच्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात परक्या भाषेत सूचना मिळत आणि गोळ्या चुकत. फोनलाच लांब्या बोलायला शिकवायचे, म्हणून प्रोफेसरांनी कंपनी काढली. भागीदार एकच, त्यांचा जुना विद्यार्थी लुसुंगु.

बारा वर्षे प्रोफेसर वाड्यावस्त्यांवर जाऊन म्हाताऱ्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करत राहिल्या. नऊशे बारा तास झाले. ते सगळे माझ्यात होते. त्यांतल्या एनाला नावाच्या आजींचे हसणेसुद्धा.

"अगं पोरी, माझ्या तोंडात एक दात नाही. तुझा फोन बोबडा निघेल!"

"निघू दे, आजी. तुमच्या वयाच्यांना तोच कळेल."

पाहुणे आले की प्रोफेसर माझ्या पाठीवर थाप मारत. "आमची अख्खी भाषा या पेटीत आहे." तेव्हा माझे चारही पंखे फिरत होते.

फोन अजून अडखळत होता. शिकवणे निम्मेच झाले होते. कंपनी तगावी म्हणून त्यांनी एका साखर कारखान्याच्या नोंदी ठेवण्याचे काम घेतले. तेव्हा परीक्षांचा आठवडा होता.

"मॅडम, सर्व्हर गच्च भरलाय. कारखान्याचं काम उद्या सुरू."

"दोन डिस्क आहेत ना त्याला?" पेपरांतून मान वर न करता त्या म्हणाल्या. "आवाज दोन्हींवर आहेत. एकीवरचे काढ."

"नक्की? नंतर मला कच्चं खाल हां!"

"लुसुंगु, ही पेटी मी जोडलीय की तू?"

त्यांनीच जोडली होती, आणि आरशासारखी जोडली होती. एका डिस्कवर लिहिलेले दुसरीवर उमटे. एकीवरचे पुसले की दुसरीवरचेही पुसले जाई. असा आरसा म्हणजे जपून ठेवलेली प्रत नव्हे, हे त्या दरवर्षी वर्गाला शिकवत. मला ओरडता येत नाही. हुकूम आला, मी पाळला. पुढे अकरा दिवस कारखान्याच्या नोंदी त्याच जागेवर लिहीत राहिलो.

बाराव्या दिवशी प्रोफेसरांनी एनाला आजींचा आवाज शोधला. मग सगळ्यांचेच शोधले.

"परत जाऊ डोंगरात," लुसुंगु म्हणाला. "पुन्हा बोलतं करू."

"कुणाला? एनाला आजी चार वर्षांपूर्वी गेली. आवाज दिलेल्या सत्तर जणांतले सहा उरलेत, त्यांतल्या दोघांना माणूस ओळखू येत नाही."

लुसुंगुने माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तू विचारलं होतंस रे." त्यानंतर त्यांनी वर्गात आरशाचा तो धडा शिकवला नाही. पुढच्या सत्रात त्यांनी नोकरीही सोडली.

मित्रांनो, जे पुन्हा मिळणार नाही त्याची प्रत दुसऱ्या घरात, दुसऱ्या गावात ठेवा. आणि ती उघडते का, हे स्वतः उघडून पाहा. माझ्यासारख्या आज्ञाधारकावर विसंबू नका.

ब्लांटायर शहरातल्या तंत्रज्ञाने तीन आठवडे माझ्या डिस्क उकरल्या. नऊशे बारा तासांपैकी एकेचाळीस सेकंद मिळाले.