शाल म्हणजे बदली

निपाणीत आमचं ‘कॉलेज’, म्हणजे प्रौढांचा साक्षरता वर्ग, संध्याकाळी भरतं. दिवसभर विड्या वळून आम्ही बायका तिथं लिहा-वाचायला जातो. परवा संस्थेच्या बेळगावच्या मुख्य ऑफिसातून महादेव सर आले आणि त्यांनी आम्हाला शिकवणाऱ्या चंदनाबाईंना वर्गाबाहेर थांबायला सांगितलं. तेव्हाच मनात पाल चुकचुकली.

सर म्हणाले, यंदा संस्था उत्कृष्ट शिक्षक निवडणार आहे, शाल-श्रीफळ देणार आहे. मॅडम कशा शिकवतात ते मोकळेपणानं सांगा.

चंदनाबाईंच्या आधी भूपाल सर होते. त्यांनाही अशीच शाल मिळाली आणि पाठोपाठ त्यांना बेळगावला नेलं. आमच्या वर्गाला दिवाळीपर्यंत कुलूप. गुणाबाईची बाराखडी अर्धी राहिली, ती पुन्हा आलीच नाही. शाल म्हणजे बदली, हे आम्ही तेव्हापासून पक्कं धरलेलं.

राजाबाई उठली. बाई उशिरा येतात म्हणाली. मंगलनं सांगितलं, लई भराभर शिकवतात, डोक्यात शिरत नाही. मागून कुणीतरी म्हणालं, चिडतात पण. सगळं खोटं. बाई आमच्या आधी येऊन खोली झाडून घेतात, आणि एखादीनं एकाच अक्षरावर आठवडा काढला तरी त्यांचा आवाज चढत नाही.

सर लिहून घेत होते, तेही कन्नडात. आम्हाला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. काय लिहिलं, असं मंगलनं विचारलं.

"तुम्ही सांगितलं तेच. एवढ्या तक्रारी असतील तर मॅडमना ठेवायचं का, ते बघावं लागेल."

राजाबाई खाली बसली. व्हरांड्याच्या खिडकीतून बाईंची पाठ दिसत होती. त्यांनी सगळं ऐकलं असणार.

वर्गात सगळ्यात म्हातारी मी, म्हणून मीच उठले.

"शाल दिल्यावर बाई हितंच ऱ्हात्यात का?"

"तो वेगळा विषय आहे, आजी."

"वेगळा कसा? चांगलं म्हटलं की तुमी नेता, वाईट म्हटलं की काढता. मग आमी सांगायचं तरी काय?"

सर हसले. त्या हसण्यावर माझा काही विश्वास बसला नाही. म्हटलं, ह्या बोलल्या ते खोटं हाय, खोडा. त्यांनी एक रेघ मारली. नेमकं काय खोडलं, देव जाणे. तेव्हा मी त्यांचा कागद मागून घेतला आणि खाली माझ्या अक्षरात मराठीत लिहिलं. वेळ लागला. मग सगळ्यांनी सह्या केल्या, पहिली राजाबाईनं.

सर कागदाची घडी करून खिशात घालायला लागले.

"वाचा की," राजाबाई म्हणाली.

"बाई चांगल्या आहेत," त्यांनी वाचलं आणि पुन्हा घडी घातली.

"फुडचं?"

"आम्ही खोटं बोललो. बाईंना नेऊ नका."

"जरा मोठ्यानं," मंगल म्हणाली, "भाईर ऐकू जाऊ द्या."

सरांनी खिडकीकडं पाहिलं, घसा खाकरला आणि पहिल्यापासून वाचायला लागले. राजाबाई त्यांच्या खांद्याशी उभी राहून एकेका अक्षरावर बोट ठेवत ते बरोबर वाचतात का, ते तपासत होती.