दुमड

सत्काराच्या दिवशी सकाळपासून चुनाकाकांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तीस वर्षं शहराच्या मैदानावर चुन्याच्या रेघा ओढता ओढता त्यांचं खरं नाव मागे पडलं होतं. आता ते गुणी खेळाडूंच्या यादीत, अगदी तळाला, 'मैदान घडवणारे' म्हणून छापून आलं, तेव्हा काकूंनी दोनदा वाचलं आणि विचारलं, हे गृहस्थ कोण म्हणायचे?

क्रीडा मंडळाच्या चिटणिसांचा निरोप होता की मोजायची जुनी टेप सोबत आणा, व्यासपीठावर काचेच्या पेटीत ठेवू. म्हणून काकू ती पुसायला घेऊन बसल्या. पन्नास मीटरची कापडी टेप. अकरा वर्षांपूर्वी तिचं टोक रोलरखाली सापडलं, कडी निखळली. काकूंचा हात शिवणकामाचा. त्यांनी फाटकं टोक ऐसपैस दुमडून, दुहेरी टीप घालून कडी पुन्हा बसवून दिली होती. काकांनी त्या शिवणीचं चारचौघांत कौतुकही केलं होतं. तेव्हापासून कडी खुंटीला अडकवायची आणि आकडा बघायचा तो पार दुसऱ्या टोकाला, अशी त्यांची रीत. आज धागा कुजलेला दिसला, म्हणून काकूंनी टीप उसवली.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "दुमडीच्या आत आकडे आहेत."

थेट वीसपर्यंत होते. काकांनी टेप हातात घेतली, खाली ठेवली, परत घेतली. प्रत्येक मापाला वीस सेंटिमीटर गिळलेले. सरळ पट्ट्यांत गिळलेले, वळणांतही गिळलेले, तिथे तर त्रिज्याच आखूड झालेली. कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी हिशेब मांडला. चारशेच्या फेरीमागे जवळपास दोन मीटर. आठशेच्या शर्यतीत चार.

चार मीटर म्हणजे बेकरीवाल्यांच्या मुलीला, पाखरूला, अर्ध्या सेकंदाहून जास्त. गेल्या महिन्यात तिने आठशे मीटरचा शहराचा विक्रम मोडला होता तो तीन दशांशाने. आधीचा विक्रम दवाखान्यातल्या नर्सबाईंचा, टेप धड होती त्या काळातला. आठवड्यापूर्वीच रंगाऱ्याने सभागृहातल्या फलकावरून बाईंचं नाव पुसून पाखरूचं रंगवलं होतं.

घरात पाय ठरेना. काका सभागृहात गेले. चिटणीस खुर्च्या मोजत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एक खुर्ची सरळ केली आणि म्हणाले, "काका, आज सत्कार आहे, चौकशी नाही. अकरा वर्षं दुमडलेलं होतं ना, आणखी एक संध्याकाळ राहू द्या."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. काका रस्त्यावर आले, घराकडे वळले, चार पावलं गेले आणि उलटे फिरून बेकरीपाशी उभे राहिले.

पाखरू ट्रे घासत होती. त्यांनी सांगितलं, मध्ये दोनदा चुकले, पुन्हा सांगितलं. तिने मान वर केली नाही.

"आजच उसवायची होती का काकूंना?" एवढंच ती म्हणाली, आणि ट्रे असा आदळला की आतून तिचे बाबा बाहेर आले.

काका घरी परतले. काकू कोपऱ्यात देवापुढे हात जोडून बसल्या होत्या. टेपेची शिवण तशीच उसवलेली. तुम्ही बोलणार नसाल तर मी बोलते, दुमड माझ्या हातची आहे, असं त्या शांतपणे म्हणाल्या. काकांना जेवण गेलं नाही.

संध्याकाळी सभागृह भरलं. पाखरूची खुर्ची रिकामी. तिसऱ्या रांगेत नर्सबाई, दवाखान्यातून तशाच आलेल्या, शेजारणीशी हसून बोलत होत्या. काका दर मिनिटाला दाराकडे बघत होते. भाषण सुरू झालं तेव्हा पाखरू आली, धापा टाकत, आणि शेजारी बसली. तिच्या बुटांना ताजा चुना लागला होता.

"सुरुवातीची रेघ चार मीटर मागे मारून धावले," ती समोर बघत कुजबुजली. "बाईंच्या विक्रमाला दोन दशांश कमी पडले. पण बाबांना घड्याळ धरता येत नाही. उद्या सहाला तुम्ही धरा."

"आणि आज?"

"आज सांगून टाका. मला त्या फलकाकडे बघवत नाही."

तेवढ्यात चिटणिसांनी काकांचं नाव पुकारलं. ज्यांच्या रेघेत कधी केसाचंही अंतर पडलं नाही असे, वगैरे. काका व्यासपीठावर चढले, माईकसमोर आले, आणि टेपेचं उसवलेलं टोक सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

"वीस सेंटिमीटरचं पडलंय," ते म्हणाले.

मग त्यांनी रोलरपासून सगळं सांगितलं, नर्सबाईंकडे बघून. बाईंचं हसू मावळलं आणि त्या पाखरूकडे बघू लागल्या. मागच्या रांगेत काकू उठून उभ्या राहिल्या होत्या, आपली पाळी आलीच तर असावं म्हणून. चिटणिसांनी घाईघाईने काकांच्या हातून टेप घेऊन काचेच्या पेटीत ठेवली आणि झाकण लावायला घेतलं.

काकांनी त्यांचा हात धरला. टेप परत काढली, गुंडाळली आणि काखेत मारली. सकाळी लागणार होती.